भर दुपारी निघालेली दिंडी

देवाच्या अस्तित्वाविषयी मी कधी वाद घातला नाही. मात्र त्याच्या कारभारावर माझा विश्वास नव्हता, हे आरंभीच नमूद करतो. न्यायालयाच्या कचेरीत उभे आयुष्य काढलेल्या माणसाला, ज्याचा आदेश लेखी नसतो, ज्याच्या निर्णयाला कारणे जोडलेली नसतात आणि ज्याच्याविरुद्ध अपील चालत नाही, अशा सत्तेपुढे मान तुकवणे जड जाते. घरातली पूजा पत्नी करी. मी सकाळचा चहा घेऊन टेबलाशी बसे आणि अर्ज लिही. खचलेल्या पुलाचा अर्ज, जळालेल्या रोहित्राचा अर्ज, शाळेच्या आवारात साचणाऱ्या पाण्याचा अर्ज. गावात मला तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ फिरली की 'कलमवाले'. त्याचा मला राग येई. खरे सांगायचे तर राग मला पुष्कळ गोष्टींचा येई, आणि तो बहुतेक वेळा रास्त असे. म्हणूनच तो सोडवत नसे.

आमचे गाव जिल्ह्याच्या अगदी टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे. इकडची जमीन अधूनमधून हलते. आधी पायांखालून गुरगुर ऐकू येते, मग मांडणीवरची भांडी किणकिणतात, कोंबड्या कालवा करतात आणि सारे शांत होते. लोक दारात येऊन एकमेकांना "तुमच्याकडं जाणवलं का?" असे विचारतात आणि परत कामाला लागतात. त्या वर्षी होळीनंतर बसलेला धक्का मात्र तेवढ्यावर थांबला नाही. शाळेची कौले उतरली, काही घरांच्या मातीच्या भिंती बसल्या, आणि विठ्ठल मंदिरापुढच्या सभामंडपाच्या छताला या तुळईपासून त्या तुळईपर्यंत भेग पडली.

हा मंडप जुन्या खांबांवर नवा स्लॅब टाकून उभा केलेला. नकाशा नाही, परवानगी नाही, कोणा अभियंत्याची सही नाही. बांधकाम चालू असतानाच मी हरकत घेतली होती. भेग पडल्यावर मी मंदिर समितीला लिहिले, ग्रामपंचायतीला लिहिले, वरच्या कार्यालयांना लिहिले. चैत्रातला अखंड नामाचा सप्ताह तोंडावर आला होता आणि गावच्या सगळ्या बाया त्या छताखाली बसणार होत्या. कार्यालयातून उत्तर आले की अर्ज पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे. समितीचे अध्यक्ष गणपतराव, माझ्याच वयाचे, कपाशी-तुरीच्या शेतीतले खाऊनपिऊन सुखी असलेले गृहस्थ. त्यांनी तर उत्तरही दिले नाही. रस्त्यात भेटले तेव्हा हसून एवढेच म्हणाले, "देवाच्या घरात देव मारन का जी माणसाले? तुम्ही कायले एवढा जीव जाळून राह्यले?"

माझा जीव जळत होता तो एका नेमक्या कारणासाठी. दुपारच्या महिला भजनात माझ्या पत्नीची जागा ठरलेली, पहिल्या ओळीत, उजव्या खांबाजवळ. म्हणजे बरोबर त्या भेगेखाली. मी तिला समजावले, रागावलो, शेवटी जाऊ नकोस असे स्पष्ट बजावले. तिने टाळांची दोरी मनगटाला गुंडाळता गुंडाळता ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमचे अर्ज तुमच्यापाशी ठेवा. मी माह्या जागेवर बसन." एवढ्या वर्षांच्या संसारात तिने माझ्या रागाला उत्तर म्हणून आवाज चढवला नाही, आणि तिने ठरवलेले कधी बदललेही नाही.

सप्ताहाची रीत वाचकांना माहीत असेलच. सात दिवस नाम थांबत नाही आणि वीणा खाली टेकत नाही. ज्याचा पहारा असेल त्याने ती गळ्यात घेऊन उभे राहायचे, एका हाताने तार छेडायची, दुसऱ्या हातात चिपळ्या. बसायचे नाही, टेकायचे नाही. पहारा संपला की वीणा सरळ दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आमच्या गावात आणखी एक रीत आहे. शेवटच्या दिवशी ऊन कलले की वीणा मंडपाबाहेर पडते आणि तिच्यामागोमाग दिंडी गावाला प्रदक्षिणा घालते. वीणा उंबरा ओलांडून गेल्यावर मंडपात बसून राहणे हा तिचा अवमान समजतात.

त्या शेवटच्या दिवशी भर दुपारी मी मंडपात गेलो तो दर्शनासाठी नव्हे. समितीला अखेरची लेखी सूचना द्यायची आणि तिच्या प्रतीवर अध्यक्षांची पोच घ्यायची, म्हणजे पुढे काही घडले तर 'आम्हाला कळवले नव्हते' असे कोणास म्हणता येऊ नये, एवढाच माझा हेतू होता. दुपारचा पहारा गणपतरावांचाच होता. वीणा गळ्यात घेऊन ते डोलत होते. मी कागद पुढे केला.

"आले कलमवाले," ते मृदंगवाल्याकडे पाहून म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पोच पाह्यजे ना? देतो जी. पण माहे हात कुठं मोकळे हायेत? आंघोळ केली ना तुम्ही?"

"केली आहे. तिचा इथे काय संबंध?"

"मंग धरा."

मी काही बोलायच्या आत पट्टा माझ्या गळ्यात आणि चिपळ्या माझ्या हातात होत्या. गणपतराव रीतीप्रमाणे माझ्या पाया पडले, कागद माझ्याच खिशात कोंबला आणि कानाशी येऊन म्हणाले, "सही करतो, पण आधी जरा बाहेर जाऊन येतो. कवाचं थांबून राह्यलो." आणि उपरणे सावरत निघून गेले. पहिल्या ओळीतून पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि हसू लपवण्यासाठी मान खाली घातली. बाजूच्या बाया उघडउघड हसत होत्या. "साहेबाले धरलं बाप्पा देवानं," असे कोणीतरी म्हणालेही.

मी उभा राहिलो. गणपतराव येईनात. बोटांखाली तार गुणगुणत होती आणि भजन रंगले होते. तेवढ्यात मला दिसले की पत्नीच्या खांद्यावर काहीतरी पांढरे पडले आहे. बारीक कच. तिने ते न बघताच झटकले. थोड्या वेळाने पुन्हा पडले. मी वर पाहिले. भेगेच्या कडेचा गिलावा सुटत होता. टाळांच्या गजरात हाक ऐकू जाणार नव्हती, म्हणून मी मानेने तिला खूण केली, सरक म्हणून. तिने डोळे मिटून घेतले. जवळ जाऊन तिला दंडाला धरून उठवावे, तर माझे दोन्ही हात गुंतलेले. वीणा ठेवावी, तर ठेवायची नाही; द्यावी, तर पुढच्या पहाऱ्याचा कोणी आलेला नव्हता. ठेवली असती तर कायद्याने मला कोणी काही करू शकले नसते, हे मला त्या क्षणीही स्पष्ट कळत होते. तरीही हात ती ठेवीनात. मग मला इतका संताप आला की मी ताडताड दाराकडे निघालो. गणपतरावांना शोधायचे, वीणा त्यांच्या गळ्यात घालायची आणि बायकोला घेऊन घरी जायचे, एवढेच डोक्यात होते. दारात ते दिसले नाहीत म्हणून मी उंबरा ओलांडला. पटांगणातही दिसले नाहीत, म्हणून समोरच्या कडुनिंबाकडे चालू लागलो. पाय अनवाणी होते, फुफाटा तापलेला होता. तळवे पोळत होते आणि मी मनातल्या मनात समितीविरुद्ध नव्या अर्जाचा पहिला परिच्छेद रचत होतो.

मागे मृदंगाचा ठेका बदलला. तो चालीचा ठेका होता. मी कडुनिंबाखाली पोचून वळलो, तर सारा मंडप माझ्यामागे बाहेर येत होता. बायांनी डोईवर पदर घेतले होते. एकीने तुळस उचलून डोक्यावर घेतली होती. "आज उन्हाचीच काहून निघाली व माय दिंडी?" "कलमवाल्यांची दिंडी हाय, वेळेच्या आधीच निघन!" असे बोलत, हसत, चटके खात त्या आल्या, आणि त्यांच्यात टाळ वाजवत माझी पत्नी होती. वीणा बाहेर पडली म्हणजे दिंडी निघाली, असे त्यांनी धरले. सगळ्यांत मागे, गुडघे धरलेल्या एक म्हाताऱ्या आजी पायरीवरून उतरत होत्या.

यानंतरचे मी जसे घडले तसेच लिहितो, कारण त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही. ही चूक होती. दिंडीची वेळ ही नव्हे, वीणेचा मानकरी मी नव्हे, आणि चूक दिसली की ती तिथल्या तिथे दुरुस्त करणे हा माझा जन्माचा स्वभाव. 'दिंडी नाही, परत जा' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. तोंड उघडले होते. ज्यांना तिथून बाहेर काढण्यासाठी मी महिनाभर लिहीत होतो, त्यांनाच मी पुन्हा आत धाडणार होतो, केवळ रीत चुकली म्हणून. पण शब्द बाहेर आले नाहीत. उन्हाने म्हणा, तळव्यांच्या चटक्याने म्हणा. दुरुस्तीचा शब्द माझ्या घशात अडकल्याचा दुसरा प्रसंग मला आठवत नाही.

आणि जमीन बोलली. गुरगुर नव्हे, पायांखालून एखादी भरलेली मालगाडी जावी तसा आवाज तळव्यांतून वर छातीत शिरला. कडुनिंब मुळापासून हलला. मी गुडघ्यांवर पडलो, सगळेच पडले. वीणा दोन्ही हातांनी मी डोक्याच्या वर धरली. का धरली, ते सांगता येत नाही. समोर मंडपाचे खांब एका बाजूला कलले, जणू कोणी नमस्कारासाठी वाकावे, आणि छत भेगेच्या रेषेवर दुमडून खाली आले. धूळ इतकी उठली की दुपार दिसेनाशी झाली. त्या धुळीत मी पत्नीला नावाने हाक मारली. आमच्या घरात नवरा-बायको एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. ती माझ्या अगदी जवळून म्हणाली, "इथंच हावो जी मी."

मंडपात कोणी नव्हते. पायरीवरच्या आजींच्या मनगटाचे हाड मोडले, त्यापलीकडे आमच्यातल्या कोणाला काही झाले नाही. धूळ खाली बसली तसे सगळे आपापल्या घरांकडे धावले, पोरे, गुरे, म्हातारी माणसे शोधायला. पटांगण रिकामे झाले. झाडाखाली मी उरलो, गळ्यात वीणा, आणि ती घ्यायला कोणी नाही. कडुनिंबाच्या फांदीला मी ती अडकवू शकलो असतो. पत्नी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिने पदराने तोंडावरची धूळ पुसली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि टाळ धरला. वीणा एकटी नसावी, तिला टाळाची सोबत असावी, हाही सप्ताहाचा नियम आहे. मला एकही अभंग पाठ नव्हता. ती नाम घेई, मी मागून घेई. जमीन मधूनमधून थरथरत होती आणि गावातून रडण्याचे, हाकांचे आवाज येत होते. त्या सगळ्याच्या मध्ये एक तार माझ्या बोटाखाली अखंड वाजत होती, आणि ती मी वाजवत नाही, मला फक्त जवळ उभे राहू दिले आहे, असे मला स्पष्ट जाणवले. त्या जाणिवेला काय नाव द्यावे हे मला आजही माहीत नाही. भय होते, पण ते छताचे नव्हते. इतक्या मोठ्या कोणाच्या तरी समोर आपण आतापर्यंत टेबल मांडून बसलो होतो, याचे ते भय होते.

गणपतराव नदीकडच्या वाटेने धावत आले. धोतराचा सोगा मातीत लोळत होता. त्यांनी मंडपाकडे पाहिले, झाडाकडे पाहिले आणि माझ्या पायांवर डोके ठेवले. वीणेकऱ्याला नमस्कार करतात तसाच तो नमस्कार होता. पण बराच वेळ ते उठले नाहीत. "आजपावतर कधी पहारा सोडून गेलो नाही जी," ते म्हणाले. "आजच काहून गेलो मी?" मी तार छेडत राहिलो. मग त्यांनी हात पुढे केले, "द्या आता. तुमी थकले असान." आणि मी म्हणालो, "थांबा. थोडा वेळ राहू द्या."

पुढचे दिवस सगळे गाव शेतात, ताडपत्र्यांखाली राहिले. सप्ताहाची समाप्ती कडुनिंबाखालीच झाली. काला तिथेच वाटला. पलीकडच्या वस्तीत एक माणूस भिंतीखाली गेला. तो चांगला माणूस होता, आणि त्याच्यासाठी एखादी वीणा उंबऱ्याबाहेर का पडली नाही, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. जे आमच्या वाट्याला आले ते आमच्या योग्यतेने आले, असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. म्हणून मी फक्त आभार मानतो, आणि ते मानताना आवाज खाली ठेवतो.

गणपतरावांची सही मी घेतली. घामाने ओला झालेला तोच कागद त्यांनी आपणहून मागितला. माझे अर्ज थांबलेले नाहीत. चौकशी व्हायला हवी, नवा मंडप नियमाने बांधला जायला हवा, आणि मी जिवंत आहे तोवर त्यासाठी लिहीत राहीन. फरक एवढाच पडला आहे की लिहून झाल्यावर मी कागदावरचा हात उचलतो. योग्य ते मी लिहावे. पण पोचवणारा मी नव्हे. महिनाभर माझे हात मोकळे होते तेव्हा मी एकाही बाईला त्या छताखालून उठवू शकलो नाही. दोन्ही हात गुंतले, तेव्हा सगळ्या उठून आल्या.

आता सप्ताह कडुनिंबाखाली होतो. दुपारचा पहारा, उन्हाचा, जो कोणी मागत नाही, तो मी मागून घेतला आहे. पत्नी समोर पहिल्या ओळीत बसते. चैत्रात झाड फुललेले असते, आणि तार छेडता छेडता मला दिसते की तिच्या खांद्यावर काहीतरी पांढरे, बारीक पडत आहे. अजूनही माझी नजर आधी वर जाते. मग कळते की तो मोहर आहे. ती तो झटकत नाही.