पोळ्याला नाल्यावर

माझ्या बायकोने समुद्र पाहिलेला नाही. तरी लग्न झाल्यापासून तिने मला समुद्राविषयी इतकं ऐकवलंय की कान किटले. ती आमच्या शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात अभियंता आहे. आपल्या मोरीतलं पाणी नाल्याने वर्धा नदीत, पुढे गोदावरीत आणि शेवटी समुद्रात जातं, हे ती घरी आलेल्या पाहुण्यांनाही सांगते, तेही ते पोहे खात असताना. मी चिडवतो खरा, पण मला तिचं फार कौतुक वाटतं.

त्याच नाल्याकाठी, खालच्या गावात, सासऱ्यांचं कपाशीचं शेत आहे. शहराच्या घाणीने नाला काळा पडला, तेव्हापासून पोळ्याला ते बैल नाल्यावर नेईनात, बोअरवरच धुवायचे. बायकोला हे जिव्हारी लागलं होतं. केंद्र सुरू झालं की बाबांचे बैल नाल्यात उतरलेच पाहिजेत, असं तिने मनाशी धरलं होतं.

केंद्र सुरू करताना टाकीत घाण खाणारे जिवाणू वाढवावे लागतात. त्यासाठी दुधाला विरजण लावावं तसं पाण्यात शेण कालवतात. तिने शेण मागितलं ते बाबांकडेच.

"पानी साफ कराले शेण टाकतं? इतकं शिकोलं कायले मग तुले?" सासरे म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रॉली भरून हजर झाले. लेकीच्या हापिसात वास सुटू नये म्हणून शेणावर त्यांनी सढळ हाताने फिनाइल शिंपडलं होतं. फिनाइलने जिवाणूच मरणार. बायको आधी खो खो हसली, मग तिने अख्खी ट्रॉली परत पाठवली. सासरे पुटपुटत गेले आणि ताजं शेण घेऊन आले. लेक बोलली म्हणून रुसून बसणारा हा माणूस नव्हे.

टाकीने हळूहळू रंग धरला आणि बाहेर निवळ पाणी येऊ लागलं. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, त्यामुळे पोळ्याला नाल्यात वाहत होतं ते बहुतेक तिच्याच केंद्राचं पाणी. बायको सकाळपासून उपाशीपोटी काठावर उभी होती. सासरे बैल घेऊन आले. थोरल्या बैलाने पाणी हुंगलं, जरा थांबला आणि आत उतरला. बायकोच्या डोळ्यांना धार लागली. खरं सांगायचं तर माझ्याही.

अंग धुऊन झाल्यावर शिंगांवरचा गेल्या वर्षीचा ऑइल पेंट खरवडायचा होता. पूर्वी ते काम नाल्यातच उरकायचे. सासऱ्यांनी मात्र बैल वर बांधावर नेले, खाली पोतं अंथरलं आणि रंगाचे पोपडे त्यावर पाडू लागले. रॉकेलची चिंधीही त्यातच गुंडाळली. इथं काहून, असं मी विचारलं.

"तिथं खरवडलं तं समुद्रात जाईन न," ते म्हणाले.