वहिनींची बोटीवरची झोप

"बटण बघितलं?"

समोरच्या वहिनी कुणालाही निरोप असा द्यायच्या. आपण 'येतो' म्हणावं, त्यांनी 'बटण बघितलं?' म्हणावं. कुठलं बटण, असं विचारायची सोय नव्हती. गिझरचं, इस्त्रीचं, मिक्सरचं, चार्जरचं. घरातलं जे बटण चुकून चालू राहू शकतं, ते. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं एखादं माणूस असेल. आपण त्याला हसतो, आणि अर्धा जिना उतरल्यावर गुपचूप परत वर जाऊन बघून येतो.

बदलापुरात आमची आणि त्यांची दारं समोरासमोर. लाईट गेली की वहिनी मजल्यावरचं एकेक दार वाजवत फिरायच्या. लाईट गेली म्हणून माणूस इस्त्री तशीच ठेवून बाहेर पडतो, आणि तो नसताना ती येते, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हतं. फक्त ते दर वेळी ऐकावं लागायचं.

एकदा जावयाला जीन्स घ्यायची म्हणून त्या माझ्या बायकोला घेऊन उल्हासनगरला गेल्या, कॅम्प तीनच्या बाजारात. दुकानातला कारागीर पँटवर इस्त्री फिरवता फिरवता फोनवर बोलत बाहेर गेला. वहिनी सरळ काउंटरच्या आत शिरल्या, बटण बंद केलं आणि परत येऊन स्टुलावर बसल्या. सिंधी मालक हिशोबातून मान वर करून म्हणाला, "भाभी, कल से आ जाओ. ऐसा आदमी मुझे मिलता नहीं." वहिनींना हा टोमणा वाटलाच नाही. परतताना रिक्षात त्या खुशीत होत्या, असं बायको सांगते.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, पूर्वी कधी काही झालं होतं का? आग, शॉक, असं काही?

"काहीच नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी बघते ना."



त्यांचे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. जाड मानेचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांचं घोरणं जिन्यात ऐकू यायचं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत त्यांचा श्वास मध्येच थांबतो, त्यामुळे झोप पुरी होत नाही, आणि नाकावर मास्क लावून चालवायचं एक मशीन दिलं. ते रात्रभर चालू ठेवायचं. म्हणजे बटणही रात्रभर चालू.

वहिनींनी मशीनला विरोध केला नाही. त्या फक्त झोपेनाशा झाल्या. दादांनी मास्क लावला की पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि अधूनमधून वायरला हात लावून बघायच्या, गरम तर होत नाही ना. दादांनी काही महिने हे पाहिलं आणि एक दिवस जाहीर केलं की आता आपल्याला बरं वाटतंय, मशीन नको. मशीन कपाटावर गेलं. वहिनी झोपू लागल्या. मग एका दुपारी बारवी धरणाच्या रस्त्यावर स्कूटर चालवता चालवता दादांचा डोळा लागला आणि ते स्कूटरसकट भाताच्या खाचरात गेले. खाली चिखल होता म्हणून हाताच्या हाडावर निभावलं.

त्या दिवसापासून वहिनी स्वतःच्या हातांनी मशीन लावू लागल्या आणि पुन्हा खुर्चीवर बसू लागल्या. दोघांपैकी एकालाच झोप मिळणार, हे त्यांनी धरून चालल्यासारखं होतं. कुरकुर कधी ऐकली नाही. दिवसा भाजी निवडताना मात्र त्यांची मान खाली पडायची.

त्याच सुमारास त्यांच्या मुलीने दोघांसाठी मुंबई ते गोवा आणि परत अशी मोठ्या बोटीची सहल ठरवली. सोबत हवी म्हणून आम्ही दोघंही निघालो.

बंदरावर सामान तपासताना माझ्या बायकोची छोटी इस्त्री अडवली. दादांच्या बॅगेतून, मशीनसाठी नेलेला एक्स्टेन्शन बोर्डही काढून घेतला. तपासणाऱ्या बाईंनी समजावून सांगितलं की श्वासाचं मशीन न्यायला हरकत नाही, पण असले बोर्ड आणि गरम होणाऱ्या वस्तू केबिनमध्ये चालत नाहीत. समुद्रात आग लागली तर पळणार कुठे? उतरताना सगळं परत मिळेल. माझी बायको तणतणली, तिला जेवणाच्या वेळी रेशमी साडी नेसायची होती. वहिनींनी मात्र विचारलं, अजून काय काय काढून घेता? बाईंनी मागचं फडताळ दाखवलं. किटल्या, पाणी तापवायच्या कॉइल, इस्त्र्या, कुणाचा तरी भाताचा कुकर. वहिनी बघतच राहिल्या. "बरोबर करता तुम्ही," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या मताचं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि ते युनिफॉर्ममध्ये होतं.

केबिनमध्ये दाराजवळच्या खाचेत कार्ड घातलं की दिवे लागत, काढलं की सगळे बंद. वहिनींनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. घर असं पाहिजे, म्हणाल्या. दादा मशीन हातात धरून उभे होते. सॉकेट आरशाच्या टेबलाशी होतं, पलंग पलीकडे, आणि मशीनची वायर मध्येच संपत होती. दोन रात्रींनी काही होत नाही, राहू दे मशीन, असं दादा म्हणाले.

वहिनी तशाच बाहेर पडल्या. शेजारी कधी वाटीभर साखर न मागितलेली ही बाई केबिन आवरणाऱ्या माणसाला शोधत तो लांबलचक पॅसेज चालत गेली. हिंदीची अडचण होईल म्हणून मी मागोमाग गेलो. गरज पडली नाही.

"मेरे मिस्टर का सांस रुकता है," त्या त्याला म्हणाल्या. "बटण चालू रखना पडता है."

तो चाळिशीचा, शांत माणूस होता. थोड्या वेळाने तो बोटीची स्वतःची, तपासून शिक्का मारलेली वायर घेऊन आला. पलंगामागून ती नीट बसवली आणि मशीन लावून दाखवलं. वहिनींनी विचारलं, ही गरम झाली तर? त्याने छताला बसवलेली गोल डबी दाखवली. जरा धूर झाला तरी वर कळतं, तिथे माणसं बसलेली असतात, असं म्हणाला.

"पूरी रात?"

"पूरी रात, माँजी. आप सो जाइए. हम लोग जागते हैं."

वहिनींची समजूत घालणाऱ्या बऱ्याच जणांना मी ऐकलं होतं. दादा, मुलगी, डॉक्टर, सगळे सांगायचे की काही होत नाही. आम्ही जागतो, असं कुणी म्हणालं नव्हतं.

सकाळी वहिनी नाश्त्याला आल्या नाहीत. बायको काळजीने दार वाजवायला गेली, तर दादा बाहेर पहारा दिल्यासारखे उभे. ते वाजवू देईनात. गोवा आलं, आम्ही उतरून हिंडून आलो. वहिनींनी गोवा पाहिलंच नाही. पुढे कुणी विचारलं तर 'छान होतं' म्हणायच्या.

घरी परतल्यावर दादांनी तशीच डबी बेडरूममध्ये बसवून घेतली. स्वयंपाकघरात फोडणी पडली की ती बोंबलायची. सगळा मजला वैतागल्यावर तिची जागा बदलली. त्यानंतर वहिनी रात्री थोडं थोडं झोपत, पुरतं नाही. त्यांचं म्हणणं असं की डबी आहे, पण वर बसलेली माणसं कुठे आहेत?

मागच्या वर्षी दादा गेले. झोपेत नाही, किडनीच्या दुखण्याने, हॉस्पिटलात, भर सकाळी. मुलीने वहिनींना नाशिकला नेलं. समोर आता एक तरुण जोडपं भाड्याने राहतं. दोघं चांगली आहेत, जाता-येता हसतात. वहिनींचा फोन सणावाराला येतो, पण बोलणं लवकर संपतं.

मला त्या आठवतात त्या डेकवर, परतीच्या दुपारी. लांब खुर्चीवर गाढ झोपल्या होत्या. तोंड जरासं उघडं, पायातली एक चप्पल खाली पडलेली. मी दोघांना चहाला बोलवायला गेलो होतो. ऊन वहिनींच्या चेहऱ्यावर यायला लागलं होतं आणि आपली सावली त्यांच्या तोंडावर पडेल असे दादा खुर्चीपाशी उभे होते. मला पाहून त्यांनी हातानेच 'नंतर' असं खुणावलं. बोट वळली, ऊन सरकलं, तसे दादाही एक पाऊल बाजूला सरकले.