सात टिचबटणांचा झगा

दुबईत अल क्वोजच्या एका गोदामात मी शिलाईला जाते. आधी देरातल्या घरीच अबाया आणि ब्लाऊज शिवायची. मुलगी कॉलेजात जायला लागली तेव्हा दिवसभर घर रिकामं झालं, म्हणून बाहेर पडले. गोदामाची मालकीण घानाची, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ती मला आंटी म्हणायची, मी तिला मॅडम.

पहिल्याच आठवड्यात तिने काम समजावलं. "उद्याच्या जगाची चित्रं काढतात ना आंटी, रॉकेट, चंद्रावरची घरं, त्यात आमची माणसं कधी दिसत नाहीत. मी आमच्या दोनशे वर्षांनंतरच्या नातींचे कपडे करते."

माझ्याकडे पहिला आला तो झगा तिच्या गावाहून आलेल्या निळ्या हातमागाच्या पट्ट्यांचा होता. आतून वीज वाहणारा चंदेरी दोरा, पाठीवर बारीक दिव्यांच्या सात ओळी, खांद्यावर सात टिचबटणं. एक बटण दाबलं की एक ओळ लागणार. मनगटाच्या पट्टीतला सेन्सर नाडी मोजायचा आणि दिवे त्या ठेक्यावर कमी-जास्त व्हायचे. घालण्याचा विधीही ठरलेला होता. हात धुवायचे, मग आई, आजी, पणजी असं मागे जात एकेका बाईचं नाव घ्यायचं आणि एकेक बटण लावायचं.

झगा शिवून झाला, पण दिवे टिकेनात. उन्हाळा होता, घामाने कापड ओलं झालं की दोन दोरे एकमेकांना लागायचे आणि सगळं बंद पडायचं. तिने तीनदा उसवायला लावलं. चौथ्यांदा मी म्हटलं, "मॅडम, ब्लाऊजच्या गळ्याला आम्ही गोट लावतो. प्रत्येक दोऱ्याला वेगळा गोट घालते." अस्तराच्या तिरक्या पट्ट्या कापून मी एकेक दोरा त्यात बंद केला. आठ दिवस लागले. मग ओलं फडकं ठेवून बघितलं, दिवे चालू राहिले.

"आता तुम्हीच घालून बघा," ती म्हणाली आणि पितळी वाडग्यात पाणी घेऊन आली. ते तिच्याकडच्या रीतीप्रमाणे पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सोडायचं होतं.

मी मागे सरले. "आमच्यात असं चालत नाही."

"मग तुमच्यात काय चालतं?"

"गेलेल्यांसाठी फातिहा पढतो."

"मग ते करा," ती म्हणाली आणि वाडगा बाजूला ठेवला.

मी आईचं नाव घेतलं, फातिहा पढले, बटण लावलं. आजीचं घेतलं. पणजीचं घेतलं. चौथ्या बटणावर बोट थांबलं. पुढचं मला माहीतच नव्हतं. नाडी इतकी जोरात चालली होती की पाठीवरचे दिवे फडफडताहेत, असं ती म्हणाली. मी ओशाळले आणि झगा उतरवून ठेवला.

घरी येऊन रत्नागिरीला मावशीला फोन लावला. ती ऐंशीच्या पुढची. तिने आठवून आठवून पणजीच्या वरची तीन नावं दिली, मी लिहून घेतली.

"आणि तिच्या वरची?" मी विचारलं.

"ती हर्णैची होती. सगळे हर्णैवालीच म्हणायचे. सासू, दीर, नवरासुद्धा."

"पण नाव काय होतं?"

"कुणी घेतलंच नाही गो, तर राहणार कुठून?"

मुलगी बाजूला बसून ऐकत होती. "अम्मी, सेंड मी द लिस्ट," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमला सांगितलं. ती म्हणाली, "मला स्वतःला सहाच येतात. त्याआधीच्या बायका गुलाम म्हणून कुठल्या जहाजावर चढवल्या गेल्या की गावातच राहिल्या, तेही ठाऊक नाही." त्या दिवशी तिने सातव्या बटणाचा प्रोग्राम बदलला. तिथे नाव घ्यायचं नाही. एक श्वास होईस्तो बटण दाबून धरायचं, मग ओळ सावकाश उजळते.

झग्याचं प्रदर्शन गोदामातच झालं. हवं त्याला झगा घालून बघायची मुभा होती. बहुतेक जणी तिसऱ्या बटणावर अडल्या आणि त्यांनी हसून झगा उतरवला. एक वयस्क अरब बाई नातीबरोबर आल्या होत्या. त्यांनी बापाकडची अकरा नावं एका दमात म्हटली. मॅडमने समजावलं की इथे बायकांची नावं हवीत. त्यांनी आईचं घेतलं, आजीचं घेतलं आणि थांबल्या. नातीला म्हणाल्या, "घरी गेल्यावर माझ्या मोठ्या मावशीला विचारू, इन्शाल्ला."

महिन्याभराने तो झगा एका परदेशी संग्रहालयाने मागवून घेतला. बॅटरी काढून, प्रत्येक घडीत पातळ कागद घालून मी तो पेटीत भरला. गोट किती नाजूक आहे आणि इस्त्री कुठे फिरवायची नाही, ते मॅडमने मला विचारून चिठ्ठीत लिहिलं. आता दोन नव्या मुली कामाला आल्या आहेत. त्यांना तिरकं कापड कापायला मी शिकवते.