सात रस्त्याचा मोटारबाबा

"दगड आलाय, साहेब. कोरायला देऊ?"

साहेबांनी फायलीत डोकं घातलं. म्हणजे काहीतरी शिजत होतं.

मी तेव्हा म्युनिसिपालिटीच्या रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसिअर होतो. मजुरांकडून काम करून घ्यायचं आणि बिघडलं की साहेबांच्या शिव्या खायच्या, हा तो हुद्दा. सात रस्ता नावाच्या चौकात मंगळवेढ्याला उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीखाली मलकाप्पा नावाचा गिरणी कामगार मेला होता. गावात फार ओरड झाली. मग कमिटीने तिथे दगड सँक्शन केला. 'मलकाप्पा येथे रस्त्याच्या कडेने चालत असता मोटारीखाली मरण पावला', एवढं त्यावर कोरायचं होतं. सँक्शन म्हणजे मंजुरी. त्यानंतर काम होतंच असं नाही.

मोटारीचे मालक कमिटीतच होते. ते म्हणाले, "दगडाला माझी ना नाही. पण कडेने चालत होता म्हटल्यावर चूक कोणाची ठरते?"

कमिटीला पटलं. साहेब मला म्हणाले, "दगड बसवून टाका. अक्षरांचं पुढच्या मीटिंगला बघू."

"कोरा दगड, साहेब? आपल्याकडे? रस्त्यावर?"

"तुम्ही चुना बघा."

मी चुना बघितला. दगड पक्का बसला. आठवड्याच्या आत त्याला कोणीतरी शेंदूर फासला, दुसऱ्याने हार घातला. मग ड्रायव्हर मंडळी नारळ फोडू लागली. नावही पडलं, मोटारबाबा. बाबा पाठीशी असला की अपघात होत नाही, असा बोलबाला झाला. मोटारी पूर्वीपेक्षा भरधाव सुटू लागल्या. पहिला नारळ मात्र रोज त्या मंगळवेढ्याच्या ड्रायव्हरचाच.

मलकाप्पाची बायको शिवव्वा ऑफिसात आली. "सायेब, अक्षरं कवा घालणार? लोकं म्हंत्यात, पिऊन मोटारीला आडवं गेलं. पोरं इचारत्यात. त्यास्नी दावाय पायजे की, बा कडंनंच चालला हुता म्हून."

मी आत जाऊन साहेबांना सांगितलं. ते ताडकन उठले. "देवाच्या अंगावर छिन्नी? दंगा करायचाय का गावात?"

पुढच्या मीटिंगला अक्षरं मंजूर झाली, पण वेगळी. मालकांनी बाबावर दगडी छत्री बांधून दिली आणि तिच्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं, 'यांजकडून अर्पण' असं.

छत्रीचं काम बघायला मी गेलो, तर शिवव्वा तिथेच उभी. तेवढ्यात मंगळवेढ्याची मोटार थांबली. ड्रायव्हरने नारळ फोडला, हात जोडले आणि खोबऱ्याचा तुकडा प्रसाद म्हणून तिच्याही हातावर ठेवला. ती कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. मोटार धुरळा उडवत गेली.

शिवव्वा तुकड्याकडे बघत राहिली. "देव झालं तर होऊ द्या," ती म्हणाली. "पर ज्यानं मारलं, त्यालाच कसं ओ पावत्यात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी छत्रीचा चुना बघायला लागलो.

नोकरीत एवढं मात्र शिकलो. पायी चालणाऱ्याला बघून मोटारवाल्याने मोटार थांबवावी, हात जोडावेत, असं वाटत असेल, तर आधी त्याच मोटारीखाली मरावं लागतं.