अर्जदार कोण, ते कळत नाही

सर्वांनी हातातली कामं खाली ठेवावीत आणि शक्य असल्यास उभं राहावं, कारण मी एक अत्यंत गंभीर निवेदन करतो आहे. स्वतःविषयीची माहिती लपवण्यात आमच्या सुभेदारांचा हात धरणारा माणूस नाशिक जिल्ह्यात जन्मलेला नाही. जन्मला असेल, तर त्याने ते लपवलेलं असणार.

तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ गंगापूर रोडला राहतात, एवढंच मी सांगू शकतो. गल्ली सांगितली तर उद्यापासून माझ्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. कुरिअरच्या खोक्यावरचा पत्ता ते पाण्यात भिजवतात, त्याचा लगदा करतात आणि गुलाबाच्या कुंडीत पुरतात. बिलासाठी कोणी मोबाइल नंबर मागितला, की घेतलेला माल जागेवर ठेवून निघून येतात. मुलाच्या लग्नपत्रिकेवर कार्यालयाचा पत्ता छापायला त्यांनी साफ नकार दिला होता. पत्रिका कोणाच्याही हातात पडते, यायचं असेल त्याला मी फोनवर सांगेन, असं त्यांचं म्हणणं. परिणामी अर्धं वऱ्हाड मखमलाबादला भलत्याच लग्नात जेवून आलं आणि तिथल्या जिलेबीचं आजही कौतुक करतं.

माझं कोर्टासमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. असल्या माणसाला पाच-पाच संच झेरॉक्स काढायची वेळ यावी, हा देवाचा निव्वळ चावटपणा. झालं असं, की नोकरी संपताना लष्कराच्या डॉक्टरांनी त्यांच्या कागदांवर एक आजार लिहिला, पण त्याचा नोकरीशी संबंध नाही असं ठरलं आणि अपंगत्वाचं पेन्शन नाकारलं गेलं. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, वर्षानुवर्षं मागे लागल्या, तेव्हा कुठे सुभेदार अपिलाला तयार झाले. फाइल छातीशी धरून दुकानात आले, शटर अर्धं खाली ओढलं आणि मला हुकूम सोडला, की भिंतीकडे तोंड करून मशीन चालवायचं. आता माझ्या मशीनमधून कागद पडतो तोच मुळी भिंतीच्या बाजूला, आणि अक्षरं वर करून. मी तरी काय करणार? वाचलं. अचानक आवाज झाला की दचकणं, दरदरून घाम, हातांना थरथर. मी वळलो, संच मोजून दिले आणि चेहरा कोरा ठेवला. कागदाच्या धंद्यात तेवढं जमतं.

पुढे त्यांच्या वकीलबाईंनी माझ्याच दुकानात बसून त्यांना सहज सांगितलं, की अपील ज्या लष्करी न्यायाधिकरणापुढे चालतं, त्याचा निकाल इंटरनेटवर चढतो. नावासकट, आजारासकट. सुभेदार स्टुलावरून उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले, पुन्हा उठले. त्यांच्या तुकडीतल्या जुन्या जवानांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. पेन्शनचा कुठलाही निकाल लागला की चहा निवायच्या आत तो तिथे येऊन पडतो, आणि ही मंडळी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. तोफेपाशी पापणी हलली म्हणून ज्यांना यांनी मैदानभर पळवलं होतं, तीच ही मंडळी.

"पेन्शन गेलं खड्ड्यात, मालक," ते मला म्हणाले. "पण घरी काय सांगू?"

त्यानंतर त्यांना चैन नव्हतं आणि म्हणून मलाही नव्हतं. दिवसातून तीनदा यायचे. झेरॉक्स मशीनच्या पोटात जुनी पानं राहतात का, हे विचारायला एकदा. आपल्या फाइलनंतर मी कोणाकोणाच्या फाइली केल्या, हे विचारायला दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा नुसतेच, उभ्याउभ्या मशीनकडे संशयाने बघायला.

शेवटी अपिलाचे संच सह्या करायला म्हणून घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सीलबंद परत आणले. ते तसेच दाखल झाले. आठवड्याभरात सगळे परत. सुभेदारांनी काळ्या मार्करने स्वतःचं नाव, हुद्दा, नंबर, गाव आणि सासऱ्यांचंसुद्धा आडनाव पानापानावर खोडून टाकलं होतं. न्यायाधिकरणाच्या कार्यालयाने शेरा मारला होता, की अर्जदार कोण ते स्पष्ट होत नाही. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. सुभेदारांनी मात्र शेरा दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच स्टुलावर टेकून बसले. "म्हणजे काम चोख झालं," असं त्यांचं मत पडलं.

मग बाईंनी लहान मुलाला समजवावं तसं समजावलं: न्यायाधिकरणापासून लपायचं नाही, तिथे सगळं सांगायचं. अपील न खोडता नव्याने दाखल करू आणि आदेशात नावाऐवजी नुसती आद्याक्षरं छापा, असा वेगळा अर्ज करू. त्या अर्जाच्या तारखेला मी सोबत मुंबईला गेलो. एसटीत सुभेदारांनी कसाऱ्यापर्यंत चार वेळा जागा बदलली.

अर्ज दोन मिनिटांत मंजूर झाला. आद्याक्षरं छापायची, मूळ अपील पुढच्या तारखेला. मला वाटलं, आता हा माणूस हसेल. पण बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर ते फाइलीची नाडी सोडत-बांधत बसून राहिले. बाकभर म्हातारे फौजी, प्रत्येकाच्या मांडीवर तशीच एक फाइल. इतक्यात येवल्याकडचे एक निवृत्त हवालदार धापा टाकत वर आले आणि शेजारी बसले.

"लिफ्ट हाय हो," ते कोणी न विचारताच म्हणाले, "पण बंद खोक्यात माझा जीव जातो. पाच मजले चढून आलो. कागदातबी तेच लिव्हलंय. तुमचं काय हाय, साहेब?"

आता सुभेदार उठून जाणार, म्हणून मी पिशवी उचलली. ते उठलेही. मग पुन्हा बसले. त्या माणसाच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे बराच वेळ बघत राहिले, आणि त्यांच्या तोंडून एकदम निघून गेलं:

"आमच्या हिने इतक्या वर्षांत घरात कुकर लावलेला नाही हो. शिट्टी होते ना."