डोक्यातली सुपारी

भीती या विषयातलं आमच्या गडग्यापलीकडच्या सरांइतकं कळणारा माणूस रेवदंड्यापासून बाणकोटच्या खाडीपर्यंत दुसरा झाला नाही, आणि घाबरलेल्या माणसाला इतका वैताग देणाराही दुसरा झाला नाही. श्रीवर्धनात त्यांच्या वडिलांची सुपारीची वाडी. जन्मभर देशावरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं; त्यातही माणूस घाबरतो कसा आणि का, एवढंच. निवृत्त झाल्यावर वहिनींना घेऊन ते वाडीतल्या घरात राहायला आले. मधे फक्त चिऱ्याचा गडगा, आणि गडग्याच्या अलीकडे माझी खानावळ. त्यामुळे शेजारधर्म म्हणून माणसाने जे काही सोसायचं असतं ते सगळं मी सोसलंय.

कुणी घाबरलं तर तुम्ही-आम्ही काय करतो? पाणी देतो, पाठीवरून हात फिरवतो. सर आधी मनगट धरतात. ते नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. माझ्या लाकडांच्या ढिगातून फुरसं निघालं. मी अशी किंचाळले की जेवायला बसलेल्या पुण्याच्या पाहुण्यांनी ताटं सोडली. सर गडग्यावरून उडी मारून आले. मला वाटलं, काठी घेऊन आले असतील. काठी कसली डोंबलाची! माझं मनगट पकडून घड्याळात बघत उभे. "वा, वा! ताई, तळहाताला घाम आलाय बघा. तोंड कोरडं पडलंय ना? पडलंच पाहिजे. जीव वाचवायची वेळ आली की शरीर लाळेवर कशाला खर्च करेल?" मी म्हटलं, "सर, माझ्या लाळेचं राहू द्या, ते फुरसं कुठे गेलं ते बघा." तर म्हणतात, "ते गेलं हो. पण ते गेल्यावरही तुम्ही घाबरलेल्याच आहात, ही खरी गंमत." फुरसं खरंच निघून गेलं होतं. बहुधा त्यालाही व्याख्यान नको असावं.

त्यांचं म्हणणं असं, की आपण घाबरतो म्हणून पळतो हे साफ खोटं. आधी पाय पळतात, काळीज धडधडतं, आणि मन बिचारं मागून धापा टाकत येऊन विचारतं, काय झालं म्हणून. मेंदूत कानांच्या आत खोलवर बदामाएवढी गाठ असते. आपण विचार करायच्या आत ती घंटा वाजवून मोकळी होते. मी म्हटलं, "श्रीवर्धनात बदाम कोण बघतं, सर? सुपारी म्हणा." झालं! तेव्हापासून गावभर डोक्यातली सुपारी सुरू. बँकेतल्या घाबरट कारकुनाची सुपारी नाजूक, गर्दीत घुसणाऱ्या फटफटीवाल्यांची सुपारी किडकी. ते मोठं चक्रीवादळ आलं, माझ्या खानावळीचे पत्रे पतंगासारखे उडाले, तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या माजघरात पलंगाखाली जीव मुठीत धरून पडलो होतो. बाहेर पोफळी कडाकडा मोडत होत्या आणि हे पलंगाखालून सांगतायत, "अशा वेळी कुणी पळतं, कुणी थिजतं, कुणी भांडायला उठतं." मी ओरडले, "मी भांडणाऱ्यातली आहे सर, आता गप्प बसा." पलीकडून वहिनी इतक्या खुदकन हसल्या की वादळाची भीती घटकाभर विसरायला झालं.

नुसतं सांगून थांबले असते तर देव पावला असता. पण त्यांना लोकांची भीती घालवायचीही हौस. नाक्यावरचे रिक्षावाले हमीदभाई, अंगापिंडाने दांडगा माणूस, पण पालीला भितात. सरांनी त्यांच्या रिक्षात रबरी पाल टांगली. आधी मागे, मग बाजूला, मग थेट हँडलवर. "हळूहळू जवळ आणायची, ताई. सुपारीला सवय लागली की ती घंटा वाजवायची सोडते." हमीदभाई त्या पालीला रोज सलाम करायला लागले. सरांनी विजय जाहीर केला. आणि पुढच्याच आठवड्यात एसटी स्टँडजवळ छपरातून खरीखुरी पाल त्यांच्या मांडीवर पडली. हमीदभाई चालत्या रिक्षातून गटारात. गुडघ्याला पट्टी बांधून सरांपुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर, तुमची पाल शरीफ होती. ही नव्हती."

असे त्यांचे सगळे रोगी. बरा कुणीच झाला नाही, एक सोडून. ती एक म्हणजे वहिनी.

वहिनी सोलापूरकडच्या. पाणी म्हणजे विहीर, फार तर तळं. त्याला काठ असतो, ते आपल्या जागी राहतं. "हे मेलं अंगावर येतं," असं त्या समुद्राला म्हणायच्या. राहायला आल्या तेव्हा समुद्राकडच्या खिडक्या उघडू द्यायच्या नाहीत. भरतीचा आवाज वाढला की पोळ्या लाटायच्या थांबायच्या. सरांनी मग हे काम हातात घेतलं, आणि खरं सांगते, एरवी कुणाला दाखवली नाही एवढी माया त्यांनी तिथे दाखवली. आधी खिडकी किलकिली केली. मग वाडीच्या फाटकापर्यंत चालणं. मग सुरूच्या बनात बसून दोघांनी शेंगदाणे खायचे. मग कोरडी वाळू, मग ओली. प्रत्येक वेळी वहिनी थबकल्या की हे हात पुढे करून एकच वाक्य म्हणायचे, "घाबरू नकोस, मी आहे ना." घाई नाही, चेष्टा नाही, मनगटसुद्धा धरायचे नाहीत. यात काही पावसाळे गेले. आणि एका नारळी पौर्णिमेला कोळणींच्या घोळक्यात उभं राहून वहिनींनी आपल्या हाताने नारळ समुद्राला वाहिला, पायावर लाट घेतली आणि मागे वळून ओरडल्या, "अहो, गार आहे!" सरांनी त्या दिवशी गावभर पेढे वाटले. हमीदभाईंनासुद्धा दोन दिले. पुढे रोज संध्याकाळी साडी खोचून वहिनी पोटऱ्यांपर्यंत पाण्यात, आणि सर काठावर चपला सांभाळत. समुद्राकाठी जन्मलेला हा माणूस स्वतः मात्र पोहायला कधी शिकला नाही. विचारलं तर म्हणायचे, "अभ्यासाला थोडी घरची भीती शिल्लक असावी."

मग वहिनी विसरायला लागल्या. आधी आमटीत दोनदा मीठ. मग दूधवाल्याचं नाव, मग माझं. एक दिवस घराच्या ओटीवर बसून मला विचारतात, "अगं, इथली माणसं परत कधी येणार?" मुंबईच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि जे सांगितलं ते सरांना आधीच ठाऊक होतं. हे आता परतायचं नाही, पुढेच जायचं. नावं गेली, गावं गेली, आपल्याला मूलबाळ झालं नाही हेही गेलं. आणि एका भर दुपारी हमीदभाईंची रिक्षा दारात आली. आत वहिनी, छातीपर्यंत ओल्या, हसतमुख. हमीदभाई खाली उतरून म्हणाले, "सर, ओहोटी लागली होती. या आत आत चालल्या होत्या, बाजारात निघाल्यासारख्या. हाक मारली तर मला म्हणतात, या, गार आहे."

सर ओटीवर मटकन खाली बसले. तेव्हा मला कळलं. या बाईला पाण्यापासून राखणारी एकच गोष्ट होती, तिची भीती. ती यांनी हात धरून, शेंगदाणे चारून, प्रेमाने काढून घेतली होती. जन्मात एकच माणूस बरा केला, आणि तोच.

पण सरांनी आशा सोडली नाही. आशा कसली, तर शास्त्राची. गडग्याशी येऊन मला समजावत राहायचे. "ताई, भीती पुसली जात नसते. तिच्यावर धीराचा थर बसतो, इतकंच. आता आठवण उलगडत चाललीय ना? मग वरचा थर आधी जाईल. खालची जुनी भीती वर येईल. येईलच. आली पाहिजे." आपणच बरा केलेला माणूस पुन्हा आजारी पडावा म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेला वैद्य मी पहिल्यांदा पाहिला. रोज सकाळी समुद्राकडची खिडकी उघडायचे आणि वहिनींच्या तोंडाकडे बघायचे. वहिनी लाटांकडे बघून हसायच्या. ते खिडकी लावून घ्यायचे.

भीती येत नाही म्हटल्यावर ते ती आणायला निघाले. आता हसू नका. तेव्हा मीही हसले नाही. वहिनी फाटकाकडे वळल्या की परात बडवायचे. वहिनींना वाटायचं, आरती आहे; त्या टाळ्या वाजवायच्या. शिमग्यात पोरांना भेवडवणाऱ्या संकासुराचा काळा वेष कुणाकडून तरी मागून आणला आणि दुपारच्या उन्हात, या वयात, फाटकाशी उड्या मारत उभे राहिले. वहिनी मला म्हणाल्या, "याला काहीतरी खायला दे गं, कधीचा नाचतोय." शेवटी सर माझ्याकडे आले. "ताई, तुम्ही ओरडा तिच्यावर. तुमच्या ओरडण्याला सगळी आळी भिते." मी ओरडले. समुद्राकडे गेलात तर तंगडं मोडीन म्हणून ओरडले, देवा, त्या माउलीवर! तिने माझा गाल कुरवाळला आणि विचारलं, "का गं, कुणी रडवलं तुला?"

सर त्या दिवशी माझ्या खानावळीत बाकावर बसून राहिले. पुढ्यात भात निवत होता. "जन्मभर लोकांना सांगत आलो, भिऊ नका," ते म्हणाले. "आता एका बाईला मूठभर भीती द्या म्हणून दारोदार मागतोय, आणि कुणाकडे नाही." मी कढी वाढली.

मग फाटकाला कुलूप आलं. वहिनी गजांना धरून उभ्या राहायच्या आणि रडायच्या, जत्रेला न नेलेल्या पोरीसारख्या. ते ऐकवायचं नाही. सर आत कानात बोटं घालून बसायचे. ज्या वाटेवर त्यांनी तिला एकेक पाऊल चालवलं, तिच्यावर आता त्यांनीच कुलूप घातलं होतं.

परवाच्या हंगामात वाडीत सुपारी उतरवायला माणसं आली आणि फाटक उघडं राहिलं. सर ओरडले ते मला चुलीपाशी ऐकू आलं. आम्ही दोघं सुरूच्या बनातून धावलो. ओहोटी चांगलीच लागली होती. वहिनी कमरेएवढ्या पाण्यात, पाठमोऱ्या, सावकाश चाललेल्या. मी हाका मारतेय, हमीदभाईंना फोन लावतेय. आणि सर थेट पाण्यात गेले. पोहता न येणारा माणूस! पहिल्याच मोठ्या लाटेने त्यांना गुडघ्यांवर पाडलं. उठायला गेले, पायाखालची वाळू सरकली, परत पडले. चष्मा गेला. तोंड उघडं, पण हाक फुटेना. चेहरा राखेसारखा झाला होता. भीतीचं इतकं शिकवलेल्या माणसाला ती अशी सगळीच्या सगळी लागलेली मी कधी पाहिली नव्हती. शेवटी घशातून कसलासा आवाज निघाला. शब्द नव्हताच तो.

त्या आवाजाला वहिनी वळल्या.

त्यांनी सरांकडे पाहिलं. ओळखलं नाही, हे मी शपथेवर सांगते. पण घाबरलेलं माणूस त्यांना दिसलं. समुद्र सोडून, लाटा बाजूला सारत त्या परत आल्या, सरांपुढे वाकल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "घाबरू नका हो, मी आहे ना."

आणि त्याच त्यांना काठावर घेऊन आल्या. ओल्या वाळूवरून, मग कोरड्या वाळूवरून, घाई न करता. माझ्या हातात सरांचा हात देऊन मला हळूच म्हणाल्या, "कोण आहेत गं हे? फार भ्यालेत बिचारे." मी सरांचं मनगट धरलं. काळीज नुसतं पळत होतं. "तोंड कोरडं पडलंय का, सर?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि तिथेच वाळूत तोंड झाकून लहान पोरासारखे रडले. हमीदभाई रिक्षा घेऊन पोचले तेव्हा वहिनी सरांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

आता फाटकाला कुलूप नाही. संध्याकाळी सर स्वतःच वहिनींना समुद्रावर नेतात. मी भात चुलीवर टाकून पाठोपाठ जाते आणि हमीदभाई रिक्षा बनाशी लावून उभे राहतात. वहिनी पुढे जातात, पाण्यात उतरतात. सर काठावर उभे राहतात आणि घाबरतात. सोंग करावं लागत नाही. पाणी तिच्या पोटऱ्यांवर चढलं की आपोआप होतं. मग वहिनी वळून बघतात, काठावरच्या त्या अनोळखी म्हाताऱ्याची त्यांना कीव येते, आणि त्या परत येतात. दुसरी कुठलीच दोरी आता त्यांना बांधलेली नाही, आणि हीसुद्धा आतून झिजत चाललीय हे सरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. काल वहिनींना वळायला फार वेळ लागला. हमीदभाई चपला काढून पाण्याशी जाऊन उभे राहिले होते. परतताना सर माझ्या बाजूने चालत होते, वहिनींनी त्यांचा हात धरलेला. "आज वळली," ते म्हणाले. मी म्हटलं, "वळल्या ना." घरी आले तर भात खाली लागला होता.