गाळलेली पानं

शालन सातवी पास होऊन भाईंदरच्या पाटलांच्या घरात सून म्हणून आली. घरात वाचायला म्हणजे एक पोथी. पावसाळ्यात मिठागरं पाण्याखाली जात, बायकांना दुपार मोकळी मिळे. मग श्रावणात सासरे पुंडलिकबाबा तिला ओटीवर पोथी वाचायला बसवत. श्रावण सरला की वाचन बंद, आणि शालन परत चुलीपुढे.

१९३८च्या श्रावणात ती माझ्याकडे आली. माझे यजमान मीठ खात्यात कारकून होते. माझ्या ट्रंकेत कॉलेजातली पुस्तकं आहेत हे तिला कुठून तरी कळलं होतं. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलेली कादंबरी तिने नेमकी उचलली.

"एवढं नाव झालंय हिचं. खरंच वाचण्यासारखी आहे का हो, बाई?"

"आहे. पण यातली बायको शेवटी घर सोडून जाते. ओटीवर नको वाचूस."

माझी सुमन तेव्हा दहा-बारा वर्षांची, रोज त्याच ओटीवर जाऊन बसायची. शिकलेल्या बाईने गावातल्या सुना बिघडवल्या असं कुणी म्हटलं, तर उद्या हिला कोण करून घेणार? मला घास गोड लागेना.

शालनने ऐकलं नाही. पुस्तक ओटीवर वाचू का, असं तिने थेट बाबांनाच विचारलं. बाबांनी अट घातली, "श्रावणानंतर हे एकच पुस्तक वाच. बायका शेवटपर्यंत बसल्या, तर पुढं बारा महिने वाच. उठून गेल्या, तर पुन्हा पोथीशिवाय दुसरं काही न्हाय."

सुरुवात बरी गेली. मग नायिका रिकाम्या घरात फिरते ते प्रकरण आलं. पानंच्या पानं फडताळ, जातं, खिडकीचे गज. शेजारची भीमाआजी घोरायला लागली. दोघीतिघी पदर सावरून उठायच्या बेतात दिसल्या. शालन घाबरली, आणि तिने काही पानं एकदम उलटून पुढचं वाचायला घेतलं.

घोरणं थांबलं.

"थांब गो. काय गाळलंस?"

"नुसतं वर्णन होतं, आजी."

"पान गाळलं की पारायण मोडतं. मागं जा. पहिल्यापासून वाच."

"अहो, ही पोथी नाही!"

"पाटावर ठेवलंस, समोर आम्हाला बसवलंस. मंग पोथीच."

"आता तू झोपू नको म्हंजे झालं," कुणीतरी टोमणा मारला.

"मी डोळे मिटते गो, कान न्हाय!"

शालनने प्रकरण पुन्हा सुरू केलं, या वेळी पोथीच्या संथ लयीत. नायिका फडताळावरून हात फिरवते. जात्याचा खुंटा हलतोय का बघते. तुळशीला एकदा पाणी घातलं असताना पुन्हा घालते. भीमाआजी सरळ बसली.

"ही चालली," ती म्हणाली. "ही घर सोडून चालली गो!"

"ते अजून आलं नाही पुस्तकात."

"हात बघ ना तिचे! माझी नणंद अशीच फिरली होती घरभर. आम्हाला वाटलं, झाडलोट करते."

ओटीवर मग जो गलका उठला! जावं की जाऊ नये, यावरून जावाजावांत जुंपली, आणि शेवटचं पान येईपर्यंत एकही बाई जागची उठली नाही.

नायिका उंबरा ओलांडून गेली. "बरं केलं!" भीमाआजी म्हणाली. मी बाबांकडे बघितलं.

"पुढं कुठं गेली ती?" बाबांनी विचारलं.

"पुस्तक इथंच संपतं, बाबा."

"एवढं नावाजलेलं, आणि शेवट अर्धा?" बाबा चांगलेच चिडले होते. "बाईंच्या ट्रंकेत दुसरं हाय का?"

शालन हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकांनी रीतीप्रमाणे पुस्तकापुढे तांदूळ आणि नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. माझ्या प्रतीवर त्या कुंकवाचा डाग अजून आहे.

भीमाआजीने निकालही दिला होता: "सुरुवात उगाच ताणलीय. पण पुस्तक खरं हाय."

आज या गोष्टीला आठ वर्षं होतील. बाबांनी मिठाच्या जुन्या होडीच्या फळ्यांचं कपाट करून ओटीवर ठेवलंय. ते पुस्तकांनी भरलंय, आणि शेजारच्या राई-मुर्धा गावांतल्या बायकाही ऐकायला येतात. सुमन कॉलेजात जाते. तिच्या लग्नाची काळजी मी अजून करते, पण शालनचा घसा बसला की तिच्या जागी सुमनच वाचते.

गेल्या आठवड्यात शालनने नवं पुस्तक उघडलं. म्हणाली, याचं फार कौतुक झालंय.

भीमाआजीने डोळे मिटून घेतले. "झालं असंल. आपण अजून कुठं ऐकलंय? वाच, पहिल्यापासून."